सूतबाजाराच्या पानावरचा मज्जातंतू

त्या वर्षी आमच्या घरात रोज सकाळी एक प्रश्न विचारला जाई, पण तो पूर्ण कधीच विचारला गेला नाही. अव्वा, म्हणजे आमची आई, भाकरी थापता थापता मान न वळवता म्हणे, "काय गं?" माझी थोरली बहीण, अक्का, म्हणे, "काई न्हाय." एवढ्यावर बोलणं संपे.

अक्काला पाचवा महिना लागला होता. तिचं सासर वळसंगचं, घरची शेती. आधीचे दोन गर्भ चौथ्या महिन्याच्या आतच गेले होते. म्हणून या खेपेला दाजींनी तिला लवकर सोलापूरला आणून सोडलं. डॉक्टरीणबाईंनी पोटाला नळी लावून पाहिली, ठोके लागले नाहीत. "अजून वेळ आहे," त्या म्हणाल्या. "हालचाल जाणवली की सांगा." पोटातलं मूल पडद्यावर दाखवणारं यंत्र तेव्हा आमच्या शहरात आलं नव्हतं. सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. आतला जीव आहे की गेला, हे सांगणारी एकच खूण होती, आणि ती एकट्या अक्काला कळणार होती.

ती खूण कशी असते हे अक्काला ठाऊक नव्हतं. आधीच्या दोन्ही वेळी गोष्ट तिथवर पोचलीच नव्हती. शेजारणी येऊन सांगून जात. एकीच्या थोरल्यानं अशी लाथ घातली होती म्हणे, की हातातलं पातेलं खाली पडलं. दुसरी दारातूनच विचारी, "मारली का न्हाय लाथ?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणे, "बापावर गेलं असंल. दाजी तरी कुटं हालत्यात जागचे!" अक्का हसे. ती लाथेची वाट पाहत होती.

आणखी एक गोष्ट मी पाहत होतो. काम करता करता ती मधेच थांबे, भिंतीला हात लावून क्षणभर उभी राही, आणि मग डब्यातून चिमूटभर ओवा काढून तोंडात टाके. अव्वाही कधी कधी न विचारता तिच्या पुढ्यात ओव्याचं पाणी ठेवी. का, ते कोणी बोलत नसे. आधीच्या दोन्ही खेपांना सुरुवात पोटात पीळ पडण्यापासूनच झाली होती. तेव्हापासून 'पीळ' हा शब्द घरात बंद झाला होता. तो बंद करणं सोपं नव्हतं, कारण वडिलांचं, अप्पांचं, सुताचं दुकान होतं आणि तिथं दिवसभर दुसरा शब्द नसे. गिऱ्हाईक बसलेलं असो वा नसो, अप्पा लडीतून एक धागा ओढत, अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून उलटा फिरवत आणि निकाल देत: पीळ चांगला, पीळ कच्चा. घरी आल्यावर मात्र ते जपून बोलत.

मी तेव्हा एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. इंटरला विज्ञान घेतलं होतं, एवढ्या पात्रतेवर आठवड्याचा विज्ञानाचा कोपरा माझ्याकडे आला. घरी तो कोणी वाचत नसे. अप्पा आमचंच दैनिक घेत, पण त्यातलं सूतबाजाराचं पान तेवढं वाचत, आणि तेही मोठ्यानं. शाळेत मोठ्यानं वाचायला शिकवलं होतं, ती सवय राहिली होती. त्यामुळे कुठल्या नंबरच्या सुताला मागणी आहे, हे आमच्या घरात चुलीपर्यंत सगळ्यांना माहीत असे.

एकदा संपादकांनी मला एका महाविद्यालयात पाठवलं. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकबाई विद्यार्थ्यांना कोंबडीच्या अंड्यातला गर्भ वाढताना दाखवत होत्या. त्यावर कोपरा लिहायचा होता.

आमचं घर लिंगायतांचं. अंडं घरात येत नसे, त्याचं नावही निघत नसे. फुटलेलं अंडं मी जवळून कधी पाहिलं नव्हतं. बाईंनी दिवे लावलेल्या एका लाकडी पेटीतून एक अंडं काढलं आणि कापसाच्या गादीवर ठेवलं. कवचाला वरच्या अंगाला नखाएवढी खिडकी पाडलेली होती. तिच्यावर बसवलेली पातळ काच त्यांनी अलगद उचलली आणि भिंग माझ्याकडे सरकवलं.

आधी फक्त लाल रेषा दिसल्या, बलकावर पसरलेल्या रक्तवाहिन्या. त्या जिथे एकत्र येत होत्या तिथे एक लाल थेंब मिटत आणि उघडत होता. ते हृदय. आणि त्याला कवेत घेऊन एक शरीर वाकून बसलं होतं, छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यावरल्या स्वल्पविरामासारखं. ते जवळजवळ आरपार दिसत होतं. डोकं अंगाच्या मानानं फार मोठं, त्यात डोळ्याचा काळा ठिपका. पाय आणि पंख व्हायचे होते. त्यांच्या जागी चपटे कोंब होते.

ते निश्चल होतं. मी पाहत राहिलो. आणि मग त्याची मान एका बाजूला कलली, ते कलणं पाठीतून खाली उतरत शेपटापर्यंत गेलं, आणि अंग पुन्हा होतं तसं झालं. पुन्हा सगळं शांत.

"श्वास घ्या," बाई म्हणाल्या. "त्याला अजून लागत नाही, तुम्हाला लागतो."

मी विचारलं, ते कशानं हाललं, उजेडानं की गार हवा लागून? बाईंनी आपल्या वेणीतला एक केस उपटला, चिमट्यात धरला आणि त्याचं टोक त्या अंगाला लावलं. काही झालं नाही. पुन्हा लावलं. काही नाही. केस बाजूला ठेवला. थोड्या वेळानं, कोणी हात लावलेला नसताना, ते पुन्हा हाललं. मान, पाठ, शेपूट.

"स्पर्श कळायची वाट अजून जोडली गेलेली नाही," बाई म्हणाल्या. "हालायची वाट मात्र झाली. आधी हालतं. कळतं नंतर."

हे वाक्य मी लिहून घेतलं. तोवर माझी समजूत अशी की काहीतरी कळतं, म्हणून माणूस हालतो. इथे एक जीव होता ज्याला कशाचीच जाणीव नव्हती, त्याला कोणी हुकूम दिला नव्हता, आणि तो हालत होता.

मग बाईंनी ती वाट कशी होते ते सांगितलं. पुढे जिथे पाठीचा कणा व्हायचा असतो तिथल्या मज्जारज्जूतल्या पेशी प्रत्येकी एक तंतू बाहेर सोडतात. त्या तंतूच्या टोकाला अतिशय बारीक बोटं असतात. ती पुढची जागा चाचपतात, धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. पंखाचा तंतू पंखाकडे जातो, पायाचा पायाकडे. तिकडे स्नायू होऊ घातलेला असतो. तंतूचं टोक टेकलं की स्नायू निरोप स्वीकारण्याची आपली सगळी साधनं त्या एका जागी गोळा करायला लागतो. दोघं मिळून सांधा तयार करतात. सांधा पुरता होण्याआधीच त्यातून निरोप जाऊ लागतात.

"पायाचा तंतू पायाकडेच जायचं, हे त्याला कोण सांगतं?"

"ते शोधून काढणाऱ्याला आपण दोघं मिळून हार घालू," बाई म्हणाल्या. "खर्च तुमच्या पेपरचा."

लागतात त्यापेक्षा जास्त तंतू निघतात, हेही त्यांनी सांगितलं. स्नायूच्या एकेका धाग्यावर अनेक तंतू येऊन टेकतात. मग हळूहळू एक सोडून बाकीचे मागे सरतात. माणसात हे जन्मानंतरही काही दिवस चालू असतं. ज्या पेशींच्या तंतूंना कुठेच जागा मिळत नाही त्या मरून जातात. परदेशातल्या नियतकालिकांत हे अलीकडे येऊ लागलंय, त्या म्हणाल्या. मी विचारलं, हे हालणं थांबवलं तर? "हाडांचे सांधे आखडून बसतात. ही त्याची करमणूक नाही, बांधकाम आहे."

शेवटी मी विचारलं, "लाथ कधी मारतं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "घरी कोणाला दिवस आहेत?"

"बहिणीला."

"माणसाचं मूलही दुसऱ्या महिन्यातच असं हालायला लागतं. फार लहान असतं, भोवती पाणी असतं, म्हणून आईला कितीतरी उशिरा कळतं. आणि जे पहिल्यांदा कळतं ती लाथ नसते. लाथ फार पुढची. तुम्ही आता पाहिलंत ते नीट लिहा. लाथ लिहू नका."

मी पुन्हा भिंगाला डोळा लावला आणि त्या हालण्याला शब्द शोधू लागलो. वळवळ म्हणावं तर त्यात घाई होती, इथे घाई नव्हती. शब्द सापडला तो अप्पांच्या दुकानातला. लडीतून ओढलेल्या धाग्याचं एक टोक सोडलं की पीळ त्या टोकापासून सुटत जातो, आणि धागा एकदा अंग वळवून गप्प होतो. अगदी तसंच. मी तसं लिहिलं. घरात तो शब्द बंद आहे हे लक्षात होतं, पण घरी कोपरा कोण वाचणार होतं?

मथळा दिला: 'मज्जातंतू स्नायूपर्यंत कसा पोचतो?' आणि मजकूर खाली छपाईखात्यात पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा नेहमीप्रमाणे पेपर घेऊन बसले. "चाळीस नंबर, नरम. वीस नंबर, टिकून. मागणी बेताची." मग जरा थांबले. "मज्जा तंतू. हे काय नवीन निघालं? नायलॉनचं भावंड असंल." चष्मा वर सरकवून पुढे वाचू लागले: "'पाठीच्या कण्याजवळून निघालेला हा तंतू...' कण्याजवळून? '...अंड्याच्या कवचाला खिडकी पाडून...'"

"आता गं बया!" अव्वा चुलीपासून म्हणाली. "पूजा व्हायची हाय अजून. सकाळच्या पारी काय वाचायलाय?"

"सूतबाजारच वाचायलोय की!"

"सूतबाजारात अंडी कदीपासनं इकाय लागले?"

अप्पांनी पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं, आणि मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तुज्या पेपरात हाय हे. तू लिवलंयस?"

"व्हय, अप्पा. पण ते या पानावर यायला नको होतं."

"आन ह्यात सूत कुटं हाय?"

मी उत्तर देण्याआधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून अक्का म्हणाली, "अप्पा, पुढं वाचा की."

आमच्या घरात बापानं लेकीसमोर गर्भाचा विषय काढण्याची रीत नव्हती. अक्का आल्यापासून अप्पांनी तिची तब्येतसुद्धा अव्वामार्फत विचारली होती. त्यांनी पानाकडे पाहिलं, उंबऱ्याकडे पाहिलं नाही, आणि ज्या आवाजात चाळीस नंबर वाचला होता त्याच आवाजात वाचलं: "'ही पहिली हालचाल म्हणजे लाथ नव्हे. सुताचा पीळ सुटावा तसं अंग मानेपासून खालपर्यंत उलगडतं आणि गप्प होतं. माणसाच्या गर्भातही असंच असतं. आईला ते बऱ्याच उशिरा कळतं.'"

शब्द घरात उच्चारला गेला होता. अव्वाचा हात भाकरीवर थांबला.

"तेवढंच परत वाचा," अक्का म्हणाली.

अप्पांनी तेवढंच परत वाचलं. मग पेपर घडी करून ठेवला आणि चहा न घेताच दुकानाला गेले.

मी कामाला निघालो तेव्हा अक्का जेवणाचा डबा घेऊन दारापर्यंत आली. "तम्मा," ती म्हणाली. धाकट्या भावाला आमच्यात अशीच हाक मारतात. "त्या अंड्यातलं पिल्लू बाहेर आलं का?"

"माहीत नाही."

"इचारून ये की."

"अक्का, कोंबडीचं पिल्लू आहे ते."

"मला कळतंय काय हाय ते. इचारून ये."

कचेरीत छपाईखात्यात चौकशी केली. खिळे जुळवून पानं लावणारे मुख्य जुळारी शहराच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलणारे आणि घरचे चार माग चालवणारे. ते जरासुद्धा ओशाळले नाहीत. "तंतू म्हणजे सूतच की साहेब. मथळ्यात तंतू लिहिलं, कसा पोचतो लिहिलं. मला वाटलं, मालाची वाहतूक." तेवढ्यात फोन आला. एक व्यापारी विचारत होते, हा मज्जा तंतू कुठल्या गिरणीचा, आणि सोलापुरात कोणाकडे मिळेल? उपसंपादकांच्या खोलीतून कोणीतरी ओरडलं, "सांगा त्यांना, माल घरचाच आहे, प्रत्येकाच्या अंगात भरपूर साठा आहे!"

त्यानंतर मी बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "बाहेर कुठलं येतंय? त्याची स्लाइड झाली. तुम्ही पाहून गेलात त्याच दिवशी."

बाईंनी स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि खुर्ची मागे ओढून मला जागा दिली.

मानेजवळचा भाग होता. चांदीच्या क्षारानं तंतू काळे केले होते, बाकी सगळं फिकट पिवळं. मज्जारज्जूच्या कडेतून काळ्या रेषांची एक जुडी बाहेर पडत होती. पुढे ती फुटत होती. एक फांदी वर, एक खाली, काही रेषा एकट्याच निघालेल्या. त्या रेषा इतक्या बारीक होत्या की नजर हलली की हरवत. एका रेषेच्या मागे मी शेवटपर्यंत गेलो. कोणी रस्ता न दाखवता, अंधारात चाचपत, ती स्नायूच्या एका कोवळ्या धाग्यापर्यंत आली होती, आणि तिथे तिचं टोक किंचित रुंद होऊन टेकलं होतं. त्याच धाग्यावर दुसरीही एक रेषा येऊन टेकली होती. या दोघींपैकी कोणती राहणार होती, ते आता ठरणार नव्हतं. पण मी पाहिलेली मानेची ती हालचाल अशाच सांध्यांतून निघाली होती. मला ती आठवत होती, आणि ती जिथून निघाली ती जागा समोर होती. दोन्ही एकदम मनात धरणं जमेना. मी बराच वेळ उठलो नाही. बाईंनी मला उठवलंही नाही.

घरी आलो तेव्हा अक्का परातीत शेंगा फोडत बसली होती. चटणी करायची होती. मी जे होतं ते सांगितलं. पिल्लू बाहेर आलं नाही. मी पाहून आलो त्याच दिवशी त्याला कापून काचेवर घेतलं.

तिचे हात थांबले. तिनं विचारलं, "कापलं म्हणून गेलं?"

"हो."

"त्याच्या आदी हालत हुतं? तू लिवलंस तसं?"

"मी स्वतः पाहिलं."

"म्हंजे पीळ पडला म्हणून गेलं न्हाय. पीळ हुता तवर जितं हुतं."

"होतं."

तिनं परात बाजूला सरकवली. "मला पडतोय, तम्मा. लई दिसापासनं." तिनं ते कोणालाच सांगितलं नव्हतं. पीळ म्हणजे शेवट, हे तिनं दोनदा पाहिलं होतं. रोज सकाळी अव्वानं "काय गं?" विचारलं की ती "काई न्हाय" म्हणे, आणि दिवसभर ओवा चघळत, तो पीळ आवळत जाईल याची वाट पाही. "पर ह्यो आवळत न्हाय," ती म्हणाली. "तवाचा आवळत जायचा, कळ यायची. ह्यो सुटतो. सुटतो आन गप बसतो. मी मेली लाथंची वाट बघायलीय." बोलता बोलता ती थांबली आणि तिनं हात पोटावर ठेवला. भिंतीचा आधार तिनं घेतला नाही. ती तशीच बसून राहिली, डोळे समोर, दूरचा आवाज ऐकताना बसावं तशी.

मी अव्वाला हाक मारली. अव्वा पदराला हात पुसत आली आणि सवयीनं म्हणाली, "काय गं?"

"हाय, अव्वा," अक्का म्हणाली.

अव्वा खाली बसली. तिला सगळं समजायला वेळ लागला. समजल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते असं: "आन मी ओवा पाजत बसले की गं त्या लेकराला!" मग दोघी हसू लागल्या, आणि हसता हसता अव्वानं तोंडात पदर धरला.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी नळी लावली, जागा बदलून पुन्हा लावली, आणि बराच वेळ कान उचलला नाही. मग म्हणाल्या, "लागले." दाजी वळसंगहून मिळेल त्या गाडीनं आले आणि आल्यावर काय बोलावं ते न सुचून, पाऊस नाही, ज्वारी कशी आहे, हेच बोलत बसले.

दिवस भरल्यावर अक्काला मुलगी झाली. घरी आणल्यावर अप्पा दुकानाला निघता निघता बाळाजवळ थांबले. कडेवर घेण्याइतकी ती मोठी नव्हती, आणि तान्ह्या मुलाशी काय करायचं हे अप्पांना माहीत नव्हतं. त्यांनी सवयीनं अंगठा आणि तर्जनी पुढे केली, एखाद्या लडीतून धागा काढावा तशी, आणि तर्जनी तिच्या तळहाताला लावली. मूठ मिटली.

अप्पांनी बोट सोडवून पाहिलं. सुटेना. जरा जोर लावला, तर तिचा अख्खा हात उचलून आला.

मला बाईंनी सांगितलेलं आठवलं. त्या मुठीतल्या एकेका धाग्यावर अजून अनेक तंतू टेकलेले असणार. पुढच्या काही दिवसांत त्यातले बरेचसे सोडून देतील, आणि घरात कोणाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

"काय म्हणतीय?" अव्वानं चुलीपासून विचारलं.

अप्पा वाकलेलेच होते. दुकान उघडायची वेळ टळून गेली होती.

"पीळ चांगला हाय," ते म्हणाले.